इच्छामरण, लिव्हिंग विल आणि व्हेंटिलेटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वकिलीत माझं बरंचसं काम मृत्युपत्रांचं. २०१८ नंतर त्याच टेबलावर दुसरा एक कागद येऊ लागला, लिव्हिंग विल, म्हणजे ‘मी बेशुद्ध असेन तेव्हा माझं काय करायचं’ हे सांगणारा. त्याबरोबर फोनही येऊ लागले. काही निवांत दुपारी, काही रात्री अकराला आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावरून. प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. कायदा भारतातला आहे. मतं माझी आहेत, आणि ती कुठे आहेत ते ओळखू येईल.

## भारतात इच्छामरण कायदेशीर आहे का?

‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही बरोबर, कारण एकच शब्द आपण दोन गोष्टींना लावतो.

डॉक्टरने किंवा नातेवाइकाने औषध टोचून रुग्णाचा जीव घेणं बेकायदा आहे, मग त्याने हात जोडून विनवलं असलं तरी. सज्ञान रुग्णाची संमती असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मधल्या पाचव्या अपवादाप्रमाणे तो खून ठरत नाही, सदोष मनुष्यवध ठरतो. पण शिक्षा तिथेही जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. संमती नसेल तर सरळ खून.

बरं होण्याची आशा उरलेली नाही अशा रुग्णाचे, केवळ श्वास चालू ठेवणारे उपचार थांबवणं किंवा सुरूच न करणं मात्र कायदेशीर आहे. ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ‘कॉमन कॉज’ खटल्यात तसा निकाल दिला. सन्मानाने मरणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं पीठाने म्हटलं आणि पद्धत घालून दिली. संसद कायदा करेपर्यंत हीच पद्धत कायद्यासारखी पाळायची आहे.

## इच्छामरण, दयामरण, पॅसिव्ह युथनेशिया: हे सगळं एकच ना?

नाही, आणि निम्मा गोंधळ इथेच होतो.

‘इच्छामरण’ म्हटलं की आपल्याला शरपंजरी भीष्म आठवतात. पण भीष्मांनी तो वर मरण लवकर यावं म्हणून वापरला नव्हता, उत्तरायण लागेपर्यंत ते थांबावं म्हणून वापरला होता. आज बाकड्यावरून फोन करणाऱ्या माणसाला यातलं काहीच नको असतं. त्याला मरण बोलवायचं नसतं आणि अडवूनही धरायचं नसतं.

‘दयामरण’ या शब्दात निर्णय दुसऱ्याचा असतो. तो आपल्याकडे भटक्या, जखमी जनावरांसाठीही वापरतात, म्हणून माणसांच्या बाबतीत मी टाळतो. ‘पॅसिव्ह युथनेशिया’ हा उपचार थांबवून मरू देण्यासाठी न्यायालयांनी वापरलेला शब्द. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांना तो पटत नाही. मारण्याचा हेतूच नाही तर त्याला मारणं का म्हणायचं, असं त्यांचं म्हणणं, आणि आयसीएमआरनेही (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१८ मध्ये हा शब्द नको अशीच भूमिका घेतली. मी साधं ‘उपचार थांबवणं’ म्हणतो. घरातल्या माणसांशी बोलताना एवढा शब्द बदलला तरी आवाज खाली येतो.

## सुई टोचली काय आणि नळी काढली काय, माणूस जातोच. मग नीतीच्या दृष्टीने फरक कसला?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच, आणि त्याचं पूर्ण समाधान करणारं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

फरक मानणाऱ्यांचं म्हणणं असं: नळी काढल्यावर माणूस त्याच्या आजाराने जातो, सुईने तो सुईमुळे जातो. आजार नसलेल्या माणसाची नळी काढा, तो उठून घरी जाईल. त्यालाच ती सुई द्या, तो मरेल. शिवाय कोणत्याही शुद्धीवरच्या माणसाला उपचार नाकारण्याचा हक्क आहेच. ऑपरेशन नको म्हणणाऱ्याला टेबलावर बांधून कापता येत नाही. मग बेशुद्ध झाल्यावर तो हक्क कुठे जातो?

फरक न मानणारे विचारतात की जबाबदारी फक्त हाताच्या हालचालीवर ठरते का. विहिरीत पडलेल्या पोराकडे काठावर उभं राहून बघत बसणाऱ्याला आपण ‘मी ढकललं नाही’ एवढ्यावर सोडत नाही. बरोबरच आहे. पण तिथे पोर वाचण्यासारखं असतं आणि दोर हाताशी असतो. जिथे दोर तोकडा आहे हे सगळ्यांना दिसतंय, तिथे तो सोडत राहण्याची सक्ती कशासाठी?

इंग्लंडमध्ये १९८९ च्या हिल्सबरो स्टेडियमच्या चेंगराचेंगरीत टोनी ब्लँड हा तरुण कायमचा बेशुद्धावस्थेत गेला. नाकातल्या नळीतून दिलं जाणारं अन्न हाही उपचारच आहे आणि तो थांबवता येतो, असं १९९३ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, ठरवलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पुढे या निकालाचा आधार घेतला. ब्लँडच्या निकालातच एका न्यायाधीशांनी मोकळेपणाने कबूल केलं की हळूहळू मरू देणं कायदेशीर आणि एका क्षणात वेदनेशिवाय संपवणं बेकायदा, याचं नैतिक समर्थन करणं कठीण आहे, पण कायदा तसा आहे खरा.

माझं मत विचाराल तर फरक आहे, पण तो रुग्णासाठी कमी आणि उरलेल्यांसाठी जास्त. उद्या सकाळी पुढच्या खाटेजवळ जाणाऱ्या डॉक्टरच्या हातात काय आहे, यावर त्या खाटेवरच्या माणसाचा विश्वास टिकलेला असतो.

## अरुणा शानबाग यांच्या खटल्यात नेमकं काय ठरलं? त्यांना इच्छामरण मिळालं होतं का?

नाही. उलटं ऐकून असलेले लोक मला दर महिन्याला भेटतात.

अरुणा शानबाग मुंबईतल्या केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच एका वॉर्डबॉयने त्यांच्यावर हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेल्याने मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. पुढची जवळपास ४२ वर्षं त्या केईएमच्याच खाटेवर होत्या. त्यांचं अन्न थांबवून त्यांना शांतपणे जाऊ द्यावं, अशी याचिका पत्रकार पिंकी विराणी यांनी केली.

न्यायालयाने तीन डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली. शानबाग ब्रेन डेड नव्हत्या. त्यांना व्हेंटिलेटर नव्हता. तोंडात घातलेलं मऊ अन्न त्या गिळत होत्या. आणि निकालात एक नोंद आहे, ती मला कायद्याच्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा मोठी वाटते: इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही बेडसोअर नव्हता. घरी कुणाला सहा महिने अंथरुणावर सांभाळलं असेल त्याला या वाक्याचं वजन कळेल. दर दोन तासांनी कूस बदलणं, चादरीची सुरकुती काढणं, पाठ कोरडी ठेवणं, हे परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या तरी थांबलं नाही.

७ मार्च २०११ ला न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ग्यानसुधा मिश्रा यांनी याचिका फेटाळली. शानबाग यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार विराणींचा नाही, ज्यांनी त्यांना सांभाळलं त्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, आणि त्यांना त्या हव्या आहेत, असं न्यायालय म्हणालं. त्याच निकालात, उच्च न्यायालयाची परवानगी घेऊन उपचार थांबवता येतील, हे तत्त्व मात्र पहिल्यांदा मान्य झालं. १८ मे २०१५ ला शानबाग न्यूमोनियाने गेल्या. ज्यांच्या नावाने वाट मोकळी झाली, त्यांना ती लागू झालीच नाही.

## आत्महत्येचा प्रयत्न अजून गुन्हा आहे का?

सर्वसाधारणपणे नाही. जुन्या दंड संहितेतलं कलम ३०९ इकडून तिकडे बरंच झुललं. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये एका मानसिक आजारी पोलिस शिपायाच्या खटल्यात ते रद्द ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तेच म्हटलं, आणि १९९६ च्या ग्यान कौर खटल्यात घटनापीठाने ते पुन्हा जिवंत केलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते कलमच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ खाली गुन्हा उरला आहे. दुसऱ्याला आत्महत्येसाठी मदत करणं पूर्वीही गुन्हा होता, आजही आहे.

## मला मोठा आजार नाही. पण आता पुरे झालं असं वाटतं. राष्ट्रपतींकडे अर्ज करता येतो का?

अर्ज करणाऱ्यांच्या बातम्या येतात. मुंबईतल्या एका वृद्ध दांपत्यानेही असा अर्ज केला होता. पण राष्ट्रपतींना तसा अधिकार कोणत्याही कायद्याने दिलेला नाही, आणि वर सांगितलेली पद्धत फक्त असाध्य आजाराच्या शेवटच्या टप्प्यासाठी आहे.

हा प्रश्न वकिलाला विचारून उपयोग नाही, तरी विचारलात हे बरं केलंत. ‘पुरे झालं’ या दोन शब्दांमागे कधी उपचार होण्यासारखं नैराश्य असतं, कधी न सांगितलेली दुखणी, कधी नुसतं दिवसचे दिवस कुणाशी न बोलणं. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा, फोन चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आधी तो लावा. आणि घरातल्या कुणाला तरी आजच सांगा.

## ब्रेन डेड रुग्णाचा व्हेंटिलेटर काढणं म्हणजे इच्छामरण का?

नाही. मेंदूचा देठ निकामी झाल्याची रीतसर तपासणी होऊन निदान पक्कं झालं की वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने तो मृत्यूच. छाती हलताना दिसते ती यंत्राने. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात ही व्याख्या आहे. कोमा किंवा शानबाग यांच्यासारखी अवस्था म्हणजे ब्रेन डेड नव्हे. डॉक्टरांना हा एक शब्द नीट विचारून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

## उपचार थांबवायचे तर प्रक्रिया काय?

२०१८ ची मूळ पद्धत इतकी किचकट होती की हक्क कागदावरच राहिला. मॅजिस्ट्रेटने स्वतः रुग्णालयात येऊन रुग्ण पाहायचा, मंडळावरचे डॉक्टर वीस वर्षं अनुभवाचे हवेत, वगैरे. अतिदक्षता तज्ज्ञांची संघटना न्यायालयात गेली आणि २४ जानेवारी २०२३ ला न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच जणांच्या पीठाने ती सोपी केली. आता असं चालतं:

उपचार करणारा डॉक्टर म्हणतो की आशा नाही. मग रुग्णालय पहिलं मंडळ नेमतं: तो डॉक्टर आणि त्या विषयातले किमान पाच वर्षं अनुभवाचे किमान दोन तज्ज्ञ. शक्यतो ४८ तासांत त्यांनी मत द्यायचं. ते ‘थांबवावं’ म्हणाले तर दुसरं मंडळ: जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले किमान दोन तज्ज्ञ. त्यांनाही शक्यतो ४८ तास. दोन्ही मंडळांचं जमलं आणि लिव्हिंग विलमध्ये नाव असलेल्यांची किंवा नातेवाइकांची लेखी संमती असली, की रुग्णालयाने प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला निर्णय कळवायचा आणि मग अंमल करायचा. कळवायचं आहे, परवानगी मागायची नाही. हा फरक मी रुग्णालयाच्या व्यवस्थापनालाही दोनदा समजावला आहे.

मंडळांनी नकार दिला तर घरच्यांना उच्च न्यायालयात जाता येतं.

## लिव्हिंग विल केलेलंच नसेल तर सगळं संपलं?

नाही. तीच दोन मंडळं, तीच पद्धत. फक्त ‘त्याला काय हवं होतं’ हे कागदाऐवजी घरच्यांनी सांगायचं. आणि इथेच घरं फाटतात.

## डॉक्टर म्हणाले, ‘लामावर सही करून घरी न्या.’ ते बरोबर आहे का?

आमच्या आत्याच्या वेळी आम्हीही हेच केलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अकरावा दिवस. मूत्रपिंडं बंद, व्हेंटिलेटर, रक्तदाब औषधांवर. रुग्णालय म्हणालं, आम्ही नळी काढणार नाही, पोलिस केस होईल. तुम्हाला न्यायचं तर डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध नेत असल्याची सही द्या. ‘लामा’ तो हाच कागद. आतेभावाने सही केली. रुग्णवाहिकेत एक मुलगा हाताने श्वास देणारी, फुग्यासारखी अँबू बॅग दाबत बसला होता, घरापर्यंत चाळीस मिनिटं, न बोलता. आत्याला हॉलमधल्या दिवाणावर ठेवलं. तो मुलगा खालच्या आवाजात म्हणाला, “साहेब, बॅग परत न्यायची असते.” मग आतेभावाकडे बघत थांबला. भाऊ काही बोलला नाही, नुसती मान हलवली.

कायद्याने ज्याचा निर्णय सहा अनुभवी डॉक्टरांनी घ्यायचा, तो आमच्या घरी एका विशीतल्या पोराने आणि माझ्या भावाच्या मानेने घेतला. वर कागदावर असं राहिलं की सल्ला न ऐकता आम्हीच तिला नेलं. आत्याला धाप लागली तेव्हा द्यायला घरात काही नव्हतं.

कायद्याच्या दृष्टीने, रुग्णाला घरी नेणं हा गुन्हा नाही. पण ही पळवाट आहे आणि तिची किंमत रुग्ण मोजतो: वेदना आणि धाप आवरणारी औषधं बंद होतात. असा सल्ला मिळाला तर लेखी विचारा, ‘२०२३ च्या निकालाप्रमाणे पहिलं मंडळ बसवणार का?’ बऱ्याचदा या एका वाक्याने संभाषणाची दिशा बदलते. घरीच न्यायचं असेल तर आधी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, डॉक्टरांना गाठा, औषधं घेऊनच निघा.

## डीएनआर म्हणजे उपचार बंद?

मुळीच नाही. हृदय थांबलं तर छाती दाबून, शॉक देऊन ते पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. सलाईन, अँटिबायोटिक, वेदनाशामक सगळं चालू राहू शकतं. आयसीएमआरची यासाठी २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत.

## मॉर्फिन देतात ते हळूहळू मारण्यासाठीच ना?

हा गैरसमज आहे, आणि त्यापायी लोक विव्हळत मरतात. मोजून दिलेलं मॉर्फिन वेदना आणि धाप कमी करतं. समजा त्याने शेवट थोडा अलीकडे आला, तरी डॉक्टरचा हेतू आणि मात्रा दोन्ही वेदनेच्या हिशेबात असतील तर नीतीने आणि कायद्याने ती हत्या ठरत नाही. अंमली पदार्थ कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली ती मॉर्फिन रुग्णापर्यंत पोचावं म्हणूनच.

## पैसे संपले म्हणून थांबवणं हे पाप नाही का?

हे कुणी पहिल्या वाक्यात विचारत नाही. खुर्चीतून उठताना, दाराशी गेल्यावर विचारतात.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. उपचारांनी माणूस वाचेल पण पैसे नाहीत, हा अन्याय आहे. त्याला सन्मानाने मरणं म्हणायचं नाही. तिथे मंडळं बसवायची नसतात, सरकारी रुग्णालय, योजना, धर्मादाय खाटा यांच्यामागे धावायचं असतं. पण दोन मंडळांनी लिहून दिलंय की वाचणार नाही, आणि तरी घर विकून आणखी आठवडा काढायचा, हे कर्तव्य कुठल्याच धर्माने सांगितलेलं मला माहीत नाही. पैशाचा विचार मनात आला म्हणून निर्णय अपवित्र होत नाही. फक्त तो पहिला विचार नसावा.

माझी खरी भीती वेगळी आहे. ‘मला ओझं व्हायचं नाही’ असं म्हणत लिव्हिंग विल करायला येणाऱ्यांत बायका पुष्कळ असतात. जन्मभर शेवटी जेवलेली बाई शेवटच्या आजारातही स्वतःचं ताट बाजूला सारते. अशा वेळी मी घरच्यांना बाहेर बसवतो आणि विचारतो, “तुम्हाला काय हवंय? त्यांना नव्हे, तुम्हाला.” दोघी-तिघी कागद न करता परत गेल्या.

## संथारा आणि प्रायोपवेशन यांचं काय?

फेब्रुवारी १९६६ मध्ये सावरकरांनी अन्न आणि औषध सोडलं. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला विनोबांनी तेच केलं. हे प्रायोपवेशन. त्याला सहसा कुणी आत्महत्या म्हणत नाही. जैनांच्या संथाऱ्याला, म्हणजे अन्न सोडून मरण स्वीकारण्याच्या व्रताला, राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये आत्महत्या ठरवलं, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

आयुष्य पुरं झालं असं जाणून अन्न सोडणारा आणि नैराश्यात जेवण टाकणारा बाहेरून सारखेच दिसतात. विनोबांच्या बाबतीत फरक ओळखायला सोपा होता. एकट्या राहणाऱ्या, सुनेशी न पटणाऱ्या सासूच्या बाबतीत तसा नसतो.

## परदेशात सुई चालते, मग आपल्याकडे का नाही?

नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये २००२ पासून, कॅनडात २०१६ पासून, स्पेनमध्ये २०२१ पासून डॉक्टरला अटी पाळून ते करता येतं. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये १९९७ पासून डॉक्टर औषध लिहून देतो, घ्यायचं रुग्णाने स्वतः. स्वित्झर्लंडमध्ये स्वार्थ नसेल तर मदत करणं गुन्हा नाही.

पुढे काय झालं तेही पाहावं. बेल्जियमने २०१४ मध्ये वयाची अट काढली. कॅनडाने २०२१ मध्ये ‘मृत्यू जवळ असला पाहिजे’ ही अट काढली. कुणाला ही घसरण वाटते, कुणाला हक्काची वाढ. मला एवढंच दिसतं की कुंपण एकदा घातलं की तिथेच राहत नाही.

तत्त्वाला माझा विरोध नाही. शुद्धीवर असलेल्या, असह्य वेदनेतल्या माणसाला ‘नाही’ म्हणणं क्रूर आहे हे मला कळतं. पण जिथे मॉर्फिनची गोळी तालुक्याला मिळत नाही, तिथे सुई आधी पोचावी हे मला नको आहे. आधी गोळी पोचू दे, मग बोलू.

## लिव्हिंग विल कसं करायचं? स्टॅम्पपेपर लागतो का?

न्यायालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्टॅम्पपेपरचा उल्लेख नाही. तुम्ही सज्ञान आणि शुद्धीत असायला हवं, दबाव नको, कागद लेखी हवा. दोन साक्षीदार, शक्यतो हितसंबंध नसलेले. त्यांच्यासमोर सही, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकन. तुमच्या वतीने संमती देणाऱ्या एकाहून अधिक माणसांची नावं घाला.

मजकूर मात्र जपून. ८१ वर्षांचे एक निवृत्त मास्तर वहीच्या पानावर स्वच्छ अक्षरात लिहून घेऊन आले होते: ‘माझ्या नाकातोंडात नळ्या घालू नयेत.’ मी म्हटलं, “सर, उद्या न्यूमोनिया झाला, चार दिवस नळी घातली आणि तुम्ही चालत घरी आलात, तर?” ते विचारात पडले. मग पेन काढून मधे एक शब्द घातला: ‘उगाच नळ्या घालू नयेत.’

शब्द सुरेख, पण कोर्टात ‘उगाच’ची व्याख्या कोण करणार? पुढचा अर्धा तास आम्ही फक्त ‘उगाच’ उलगडला. माणसं ओळखू येण्याची आशा नसेल तर. बरं होण्याची शक्यता नाही असं दोन्ही मंडळं म्हणत असतील तर. नळीतून अन्न किती दिवस चालेल. डायलिसिस चालेल का. वेदनाशामकं कधीच थांबवू नयेत, हे तर लिहाच. मजकूर संदिग्ध असेल तर मंडळ तो बाजूला ठेवून, कागद नसल्यासारखंच पुढे जातं.

आणि हे मृत्युपत्राच्या पाकिटात घालू नका. ते पाकीट तेराव्यानंतर उघडतात.

## कागद ठेवायचा कुठे?

एक प्रत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यायची, ती सांभाळणारा अधिकारी त्या संस्थेने नेमायचा. मुंबईत हे लावून धरायला एका डॉक्टरांना उच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा अशा नेमणुका झाल्या. तुमच्या गावच्या कार्यालयात ‘हे काय असतं?’ असं विचारलं गेलं तर नवल मानू नका. पोच घेऊनच निघा. एक प्रत नेहमीच्या डॉक्टरकडे द्या, डिजिटल आरोग्य नोंदीतही ठेवता येते. आणि ज्यांची नावं घातलीत त्यांना सांगा. कागदात आपलं नाव आहे हे आयसीयूच्या दारात कळलेले लोक मी पाहिले आहेत.

## घरात एकमत नसेल तर?

लिव्हिंग विल असेल तर नावं असलेल्यांची संमती महत्त्वाची, बाकीच्यांचा राग मनात ठेवायचा. नसेल तर बहुतेक डॉक्टर एकाचाही ठाम विरोध असेल तर पुढे जात नाहीत, आणि मी त्यांना दोष देणार नाही. परदेशातून विमानाने येणारा भाऊ सहसा ‘सगळं करा’ म्हणतो. इतके दिवस खाटेजवळ बसलेली बहीण गप्प असते. डॉक्टरांनी त्या दोघांशी एका खोलीत बोलावं, वेगवेगळं नको.

## नंतर मत बदललं तर?

कधीही बदला. रद्द करणं किंवा दुरुस्त करणं लेखी हवं, त्याच पद्धतीने, आणि नवी प्रत जिथे जुनी दिली होती तिथे द्यायची. शुद्धीवर असाल तोवर तर कागदाचा प्रश्नच येत नाही. तुम्ही तोंडाने सांगाल तेच खरं.

ते मास्तर दीड वर्षाने परत आले. मला वाटलं, ‘उगाच’ची आणखी एखादी पायरी सुचली असेल. पण मजकूर त्यांना तसाच हवा होता, बदलायचं होतं नाव. मुलाच्या जागी सुनेचं घालायचं होतं. “तो रडेल हो,” ते म्हणाले, “आणि सही करणार नाही. ती रडेल आणि करेल.”